गॅस्केटची जाडी विसरू नका

संपादक महोदय,

छोटे इंजिन बांधताना गॅस्केटऐवजी सीलंटची ट्यूब पुरते, हे आपल्या लेखकाचे मत अर्धवट आहे. गॅस्केट नुसती गळती रोखत नाही. त्याची जाडी मापात धरलेली असते. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरखालचे गॅस्केट काढून सिलिकॉन लावले, की सिलिंडर तेवढा खाली बसतो, पोर्ट उघडण्याची वेळ बदलते, पिस्टन आणि हेडमधली फट घटते. हेडच्या जोडात सिलिकॉन टिकतच नाही आणि कार्बोरेटरपाशी पेट्रोल त्याला फुगवून सोडवते. कागदी गॅस्केट गळते म्हणाल, तर आधी जुने नीट खरवडले होते का ते पाहा. काही क्रँककेसना कंपनीच सीलंट सांगते, हे खरे. पण तो जोड मुळात गॅस्केटविना आखलेला असतो. तिथेही थर पातळच हवा, कारण आत ओघळलेला गोळा सुटून ऑइलच्या जाळीत अडकतो.

आपला,
एक वाचक, सांगली