उष्णतापंपाचा ताळेबंद

शीतकपाटाच्या पाठीमागे हात धरला असता तेथील हवा कोमट लागते, हे घरातील लहानथोरांस ठाऊक असते. आतील पदार्थांतून काढलेली उष्णता ते यंत्र स्वयंपाकघरात सोडीत असते. हीच क्रिया घराबाहेरच्या हवेवर, नदीवर किंवा जमिनीवर करावी आणि मिळालेली उष्णता घरात घ्यावी, म्हणजे झाला उष्णतापंप. झुरिचच्या राथहाऊस या जुन्या सभागृहात १९३८ साली असा पंप बसविण्यात आला. इमारत लिम्मात नदीवरच उभी. देशात कोळशाची वाण, पाण्यापासून होणारी वीज मात्र मुबलक. नदीच्या गार पाण्यातून ऊब काढणारे ते यंत्र २००१ पर्यंत चालले.

आज जर्मनी-स्वित्झर्लंडकडे स्थिरावलेल्या आपल्या मुलांच्या बोलण्यात या पंपाचा उल्लेख येतो, तो बहुधा एका आकड्यासह: एक युनिट विजेत चार युनिट उष्णता! यात जादू नाही; वरची तीन युनिटे बाहेरून आलेली असतात. परंतु हा आकडा कोणत्या दिवसाचा, हे विचारणे अगत्याचे आहे. माहितीपत्रकात तो बहुधा बाहेर ७ अंश आणि नळात ३५ अंशांचे पाणी असतानाचा असतो. म्हणजे पंपाने उष्णता २८ अंश वर चढवावयाची. बाहेर उणे ७ आणि जुन्या रेडिएटरना ५५ अंशांचे पाणी लागत असेल, तर हीच चढण ६२ अंशांची होते, आणि गुणांक दोन-अडीचवर उतरतो. शिवाय दमट थंडीत बाहेरच्या नळ्यांवर हिम साचते. ते वितळविण्यातही ऊब खर्ची पडते.

म्हणून खरा हिशेब साऱ्या हंगामाचा. वर्षभरात मिळालेल्या एकूण उष्णतेस एकूण विजेने भागावे. कडाक्याच्या थंडीत साहाय्यास येणाऱ्या विजेच्या कॉइलचा खर्चही त्यात धरावा. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेने जुन्या घरांत केलेल्या मोजणीत, हवेतून ऊब घेणाऱ्या पंपांचा हा हंगामी गुणांक सरासरी ३.१ आणि जमिनीतून घेणाऱ्यांचा ४.१ आला. जमीन हिवाळ्यात हवेइतकी गारठत नाही, हे त्याचे कारण. वीज गॅसच्या तिप्पट महाग असेल, तर तीनच्या खाली गेलेला गुणांक कुटुंबाचे बिल वाढवितो. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या वृद्ध जोडप्यास ही दशांशातील बाब खचित लहान नाही.

येथे विक्रेता पाण्याची मोठी टाकी सुचवितो. दुपारी हवा बरी असताना पाणी तापवून ठेवावे आणि रात्री वापरावे, ही कल्पना मोठी शहाणपणाची वाटते. हजार लिटर पाणी दहा अंशांनी तापविले की साडेअकरा युनिटांच्या आसपास उष्णता साठते. थंडीच्या दिवसात ती काही तासांचीच बेगमी. पण फरशीखालच्या नळांस ३५ अंश पुरत असता साठ्यासाठी पाणी ४५ अंशांवर न्यावे लागते, आणि दर अंशामागे विजेचा खर्च साधारण दोन-अडीच टक्क्यांनी वाढतो. दुपारच्या हवेने दिलेले टाकीचा ताप परत घेतो. टाकीतून झिरपणारी ऊब आणखी निराळी. तरीही विजेचा दर तासागणिक बदलत असेल किंवा छपरावर सौरपट्ट्या असतील, तर गुणांक घसरूनही बिल उतरू शकते. या दोन गोष्टींची गल्लत सर्रास होते.

माझ्या मते अधिक चतुर साठा बर्फाचा. अंगणात पुरलेल्या टाकीतील पाण्यातून पंप उष्णता काढीत राहतो, आणि पाणी हळूहळू गोठते. एक किलो पाणी शून्य अंशावर गोठताना जेवढी उष्णता सोडते, तेवढ्याने तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापविता येईल. दहा घनमीटर पाणी गोठविले तर नऊशेंहून अधिक युनिटे हाती येतात. बाहेर उणे दहा असताही पंपाची चढण शून्य अंशाच्या आसपासूनच सुरू होते. छपरावरील उन्हाने व भोवतालच्या मातीच्या उबेने बर्फ पुन्हा वितळतो. हिवाळ्याच्या शेवटी उरलेला बर्फ उन्हाळ्यात खोल्या गार करण्याच्या कामी येतो.