गंज काढा, वय राहू द्या

वारशाने आलेली शिकारीची सुरी हल्ली माळ्यावरून उतरते ती थेट बफिंगच्या चाकावर जाते. दोन दिवसांत लखलखीत होऊन परत येते. घरचे खूश होतात. ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी दोन छायाचित्रे नातेवाइकांच्या गटात फिरतात, कौतुक होते. त्या दोन छायाचित्रांतला एक फरक मात्र कुणी पाहत नाही. पहिल्यात पात्याच्या बुडाशी, मुठीला लागून, एक पुसट ठसा असतो. दुसऱ्यात तो नसतो.

तो ठसा हा सुरीचा जन्मदाखला. इंग्रजी अमलात इकडच्या शिकाऱ्यांकडे आलेल्या सुऱ्यांत शेफील्डच्या मालाचा मान मोठा. तिथल्या जोसेफ रॉजर्स अँड सन्स या कारखान्याची खूण म्हणजे सहा टोकांचा तारा आणि माल्टीज क्रॉस. ती १६८२ सालची. अशा खुणांची नोंद ठेवणारी सुरी-कारागिरांची संस्था त्याहून जुनी, १६२४ची. रॉजर्सच्या पात्यावर खुणेजोडीला अनेकदा मुकुट असतो आणि मुकुटाच्या दोन बाजूंना राज्यकर्त्याची अक्षरे. व्हिक्टोरियाची व्ही-आर, जॉर्जची जी-आर. काही पात्यांवर ‘६, नॉरफोक स्ट्रीट’ हा पत्ताही असतो. ‘इंग्लंड’ हा शब्द असेल तर सुरी बहुधा १८९० नंतरची. अमेरिकेने त्या वर्षी मॅकिन्ली जकात कायदा करून आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले आणि कारखान्यांच्या ठशांत तो शब्द आला. एवढी हकीकत नखाएवढ्या जागेत मावलेली असते. आजोबांच्या सुरीबद्दल घरच्या कोणत्याही कागदात इतके लिहिलेले सापडत नाही.

हा ठसा पाते मऊ असताना, त्याला पाणी देण्याआधी मारतात. तो फार खोल नसतो. पिढ्यान्‌पिढ्या पुसून आणि पाजळून आधीच झिजलेला असतो. त्याला फिरते चाक आणि पॉलिशची वडी लागली की मिनिटभरात खेळ संपतो. गेलेला ठसा परत आणता येत नाही. नव्याने मारला तर ती बनावट होते.

नुकसान ठशापाशी थांबत नाही. कोरड्या सहाणेवर किंवा ग्राइंडरवर धार तापते. पोलाद आधी पिवळसर दिसते, मग जांभळट, मग निळे. निळा रंग साधारण तीनशे अंश सेल्सिअसच्या सुमारास येतो. सुरीच्या पात्याचा कणखरपणा त्याहून बऱ्याच कमी उष्णतेवर, दोनशे अंशांच्या आसपास, साधलेला असतो. धार निळी पडली म्हणजे तिचे पाणी उतरले. वरून पॉलिश मारले की तो निळा रंगही झाकला जातो. मालकाच्या हाती चकचकीत सुरी येते, पण तिची धार टिकत नाही.

जुन्या पात्यावर दोन रंग असतात आणि सगळी गल्लत त्या दोहोंत होते. एक तांबूस, भुसभुशीत, बोटाला लागणारा. तो गंज. हवेतला ओलावा मिळत राहिला की तो पोलाद खात राहतो. त्याला काढलेच पाहिजे. दुसरा रंग करडा, निळसर झाक असलेला, पात्याला घट्ट धरून बसलेला. तो बोटाला लागत नाही. वर्षानुवर्षे रक्त, मांस, फळांचा रस, तेल आणि माणसाचा हात लागून साध्या कार्बन पोलादावर तो चढतो. त्याने पात्याचे काही बिघडत नाही, उलट गंजाला थोडा अटकाव होतो. न गंजणारे पोलाद हॅरी ब्रिअर्ली यांनी शेफील्डमध्येच तयार केले ते १९१३ साली. त्याआधीच्या, वापरातल्या पात्यावर हा करडा रंग असायलाच हवा. तो नसेल तर जाणकार पहिल्या नजरेत ओळखतो की सुरी घासलेली आहे, आणि तिची किंमत तिथेच उतरते. चाकाला गंज आणि वय यांतला फरक कळत नाही. माणसाला कळतो. म्हणून हे काम हातानेच करायचे.

काम अवघड नाही. रॉकेलचे थोडे थेंब आणि अगदी बारीक, चार शून्यांची स्टील वूल. पात्याच्या लांबीच्या दिशेने, हलक्या हाताने, फक्त तांबूस डागावर. ठशावर तीही नको, तिथे तेलात भिजवलेला कापूस पुरे. मग कोरडे पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात. खोबरेल नको, ते कालांतराने खवट होते, चिकटते. चिंच-लिंबू तर मुळीच नको. मेण लावायचे तर ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात तयार झालेले रेनेसान्स वॅक्स आजही मिळते. मूठ सांबरशिंगाची असेल तर ती पाण्यात बुडवू नये, तिला काचकागद लावू नये. सुरी म्यानात घालून ठेवू नये. चामडे ओल धरते, ते कमावताना वापरलेली रसायने त्यात उरलेली असतात, आणि आपल्याकडचे चार महिने पावसाचे. जुन्या म्यानातल्या पितळी खिळ्यांभोवती साचलेला हिरवा कळंक हेच सांगतो. म्यान शेजारी ठेवावे. यापलीकडे काही करायचे नसते.

तरीही चाकाकडे धाव का? चकाकीची हौस हे अर्धे कारण. उरलेले अर्धे अधिक गंभीर आहे. ही सुरी शिकारीची आहे, याचा घराला संकोच वाटतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे दिवस संपवले, ते योग्यच झाले. त्यानंतर वाढलेल्या पिढीला आजोबांची ती हकीकत कशी सांगावी, हे कळत नाही. मग सुरी घासून-पुसून दिवाणखान्यात शोभेला ठेवली की प्रश्न मिटतो. नवीकोरी दिसणारी सुरी कुणाला काही विचारायला लावत नाही.

पण त्या सुरीने सांबर सोलले आहे. पात्याचे पोट निसण्यावर घासून घासून आत गेले आहे, कारण ती वारंवार वापरली गेली. मुठीवरच्या शिंगाच्या खाचा अंगठ्यापाशी गुळगुळीत झाल्या आहेत, कारण एकाच माणसाने ती वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने धरली. हा पुरावा आहे. आज आपल्याला शिकार मान्य नाही म्हणून काल ती झाली नव्हती, असे होत नाही. उलट, रान कसे रिकामे झाले हे पुढच्या पिढीला खरेपणाने सांगायचे असेल तर ही झिजलेली सुरी हाताशी असायला हवी.

चकाकीची हौस एक पाऊल पुढेही जाते. भेगाळलेली मूठ काढून नवे सांबरशिंग बसवून देतो, असे सांगणारे भेटतात. सांबराचे शिंग, रानात गळून पडलेले असले तरी, उचलून बाजारात विकता येत नाही. म्हणजे आजोबांची आठवण सजवण्यासाठी आज नवा गुन्हा करायचा. जुनी मूठ भेगांसकट राहू द्यावी. तिला मेण लावावे. आणि अशी सुरी विकण्या-विकत घेण्याचा विचारही वनखात्याला विचारल्याशिवाय करू नये.

जुन्या वास्तूंसाठी १९६४ च्या व्हेनिस सनदेने एक मर्यादा घालून दिली: जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धाराने थांबावे. ती वाड्याला लागू आहे तशी विताएवढ्या सुरीलाही. सुरी नवी असताना कशी दिसत होती, हे आज घरातल्या कुणालाच माहीत नसते. चाकावरून उतरते ती कारागिराच्या कल्पनेतली सुरी. तेल पुसता येते, मेण काढता येते, पोलाद मात्र एकदा घासले की भरून येत नाही. म्हणून हात लावण्याआधी एवढेच विचारावे: हे उद्या मागे घेता येईल का? येणार नसेल तर ते करण्याचा अधिकार वारसालाही नाही.