पऱ्हाटीचा फोटो की कामगंध सापळा?

‘मोबाइलची लहर तरी कुठे दिसते?’ रेडिओनिक्सचे समर्थक पहिला सवाल हाच करतात. रक्ताचा थेंब, केस किंवा नुसता फोटो यंत्रात ठेवायचा, तबकड्या फिरवून ‘कंपने’ जुळवायची आणि दूरवरचा रोगी किंवा पीक बरे करायचे, असा त्यांचा दावा आहे.

अदृश्य गोष्टी असतात, हे मान्यच आहे. पण मोबाइलची लहर मोजता येते आणि टॉवर लांब गेला की ती क्षीण होते. रेडिओनिक्सच्या लहरीला ना मोजमाप, ना अंतराची अट. या पद्धतीचा जनक सॅन फ्रान्सिस्कोचा डॉक्टर अल्बर्ट अब्राम्स. त्याच्याकडे मिशिगनच्या एका डॉक्टरने कोंबड्याचे रक्त तपासायला पाठवले. निदान आले: मलेरिया, कर्करोग, मधुमेह! 1924 मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या चौकशी समितीनेही या पद्धतीत काहीच तथ्य नसल्याचा निर्वाळा दिला.

तरी 1950 च्या सुमारास अमेरिकेत कापसाच्या शेताचा विमानातून काढलेला फोटो यंत्रात ठेवून कीड घालवल्याचे सांगितले गेले. जामनेरच्या कापूस उत्पादकाने अशा दाव्यावर दोनच गोष्टी विचाराव्यात: शेजारचे तसेच शेत उपचाराविना ठेवले होते का आणि बोंडे मोजणाऱ्याला कोणते शेत कोणते हे ठाऊक नव्हते ना?

2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्राचा कापूस पोखरला. तिच्यावर नजर ठेवणारा कामगंध सापळाही अदृश्याच्याच बळावर चालतो. त्यातल्या ल्युरला म्हणजे आमिषाला मादी पतंगाचा गंध असतो. तो माणसाला कळत नाही, नर पतंगाला कळतो. हेक्टरी पाच सापळे लावावेत. सलग तीन दिवस प्रत्येकात रोज आठ किंवा अधिक पतंग सापडले तर उपाय करायची वेळ आली. एकरातली वीस हिरवी बोंडे फोडून पाहावीत. दोन किडलेली निघाली तरी तोच इशारा. आकडा कमी असेल तर फवारणीचा खर्च वाचतो.

सापळा ‘अळी नाही’ असेही सांगू शकतो, म्हणून त्याच्या ‘आहे’ला किंमत आहे. अब्राम्सच्या यंत्राला कोंबडासुद्धा निरोगी ठरवता आला नाही. शेतात असो वा दवाखान्यात, चूक ठरण्याची तयारी नसलेल्या यंत्राला एक रुपयाही देऊ नये.