आजोबांच्या बंदुकीचं वय



तुमच्या घरातली सगळ्यात जुनी वस्तू कोणती? कुणी म्हणेल जातं, कुणी म्हणेल भिंतीवरचं घड्याळ. आणि ती किती जुनी असं विचारलं, की उत्तर ठरलेलं असतं : "खूप जुनी! आजोबांच्या आजोबांपासूनची!" पण 'खूप' म्हणजे नेमकी किती? हे शोधायचं कसं? आज त्याचीच गोष्ट.

मी चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात शिकवतो. माझ्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा मधल्या सुट्टीत धावत आला. "सर, आमच्या घरी खाज्या नाईकांची बंदूक आहे! प्रजासत्ताक दिनाला मी त्याच्यावरच भाषण करणार!"

खाज्या नाईक तुम्हांला माहीत असतीलच. १८५७-५८ साली आपल्या सातपुड्यात भिल्लांना घेऊन इंग्रजांशी लढलेले हे वीर. एप्रिल १८५८ मध्ये आंबापाणीला मोठी लढाई झाली, तीही त्यांच्याच लोकांची. त्यांच्यातल्या कुणीतरी ही बंदूक आमच्या पूर्वजांकडे ठेवायला दिली, असं या मुलाच्या घरात पिढ्यान् पिढ्या सांगत आले होते.

त्याचे आजोबा नुकतेच वारले होते. परवाना त्यांच्या नावावर, म्हणून बंदूक आता पोलीस ठाण्यात जमा करायची होती. "त्याच्या आधी एकदा बघायला या ना सर," तो म्हणाला. रविवारी मी गेलो.

ओट्यावर आजी बसल्या होत्या. मुलाच्या वडिलांनी हवालदारकाकांना बोलावून घेतलं होतं. त्यांनी आधी बंदूक उघडून आत काडतूस नाही ना, ते पाहिलं. तोवर आम्ही सगळे लांब, अंगणात. का, ते शेवटी सांगतो.

मग मी बंदुकीकडे नुसतं पाहिलं आणि मनात चरकलो.

खाज्या नाईकांच्या काळातल्या बंदुका बहुतेक ठासणीच्या. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वरून गोळी टाकायची, गजाने ठासायची आणि मग बार काढायचा. या बंदुकीला मात्र चापाच्या मागे एक लोखंडी दांडी होती. तुम्ही विज्ञानात 'तरफ' शिकलात ना? तीच ही. दांडी खाली ओढली की आतला लोखंडी ठोकळा खाली झुकतो, काडतूस मागूनच नळीत सरकवता येतं, आणि दांडी वर घेतली की दार बंद. स्वित्झर्लंडच्या मार्टिनी यांची यंत्रणा आणि एडिंबरोच्या हेन्री यांची नळी, म्हणून नाव 'मार्टिनी-हेन्री'. इंग्रज सैन्याने ती स्वीकारली १८७१ साली. १८९७ मध्ये सारागढीला एकवीस शीख सैनिक शेवटपर्यंत लढले, त्यांच्या हातात याच रायफली होत्या.

१८५८ च्या लढाईत १८७१ ची बंदूक कशी असेल? पण मी काहीच बोललो नाही. म्हटलं, पोराने स्वतः शोधू दे.

मऊ फडक्याने उजवी बाजू पुसली आणि त्याच्या हातात भिंग दिलं. तो एकेक खूण मोठ्याने वाचू लागला. "वर मुकुट आहे सर. खाली व्ही, आर. मग एनफिल्ड. मग... एक, आठ, आठ, दोन. आणि खाली तीन उभ्या रेघा."

"व्ही. आर. म्हणजे व्हिक्टोरिया राणी," मी म्हणालो. "एनफिल्ड हा इंग्लंडमधला सरकारी कारखाना. तीन रेघा म्हणजे रोमन तीन, या बंदुकीचा तिसरा सुधारित नमुना. तो १८७९ साली मंजूर झाला."

"आणि अठराशे ब्याऐंशी?"

"ते तिचं जन्मसाल."

त्याने बोटं मोजली. ब्याऐंशीतून अठ्ठावन्न गेले, चोवीस उरले. बंदूक जन्मली तीच लढाईनंतर चोवीस वर्षांनी! पोराचा चेहरा एवढासा झाला. पण पोरगं हुशार हं! जरा वेळाने म्हणालं, "सर, हा आकडाच खोटा असला तर?"

मुलांनो, असा प्रश्न पडला पाहिजे. आकडा आहे म्हणजे तो खराच, असं नसतं. खैबर खिंडीच्या भागातले कारागीर हाताने अशा बंदुका बनवत आणि त्यांच्यावर इंग्रजी शिक्केही उठवत. पण इंग्रजी येत नसल्यामुळे कधी 'एन' उलटा पडे, तर कधी व्ही. आर. च्या खाली १९०५ सारखं साल येई. आता राणी व्हिक्टोरिया वारली जानेवारी १९०१ मध्ये. मग १९०५ च्या बंदुकीवर तिचं नाव कुठून येणार? चोरी पकडली!

कधी आकडा खरा असतो, पण अर्थ वेगळा असतो. अमेरिकेच्या विंचेस्टर कंपनीची एक प्रसिद्ध रायफल आहे, तिच्यावर १८७३ असं कोरलेलं असतं. ते नमुन्याचं नाव! त्याच नावाची रायफल पुढे चाळीसहून जास्त वर्षं बनत होती. तिचं खरं वय कळतं खालच्या बाजूच्या अनुक्रमांकावरून, तो कंपनीच्या नोंदींशी ताडून पाहावा लागतो.

आमच्या बंदुकीवर मात्र नमुना, राणी, कारखाना आणि साल, चारही साक्षीदार एकच गोष्ट सांगत होते. आणखी एक खूण सापडली. कावळ्याच्या पायासारखा बाण, आणि त्याच्या टोकाला टोक भिडवलेला दुसरा बाण. एक बाण म्हणजे इंग्रज सरकारची मालमत्ता. दोन बाण समोरासमोर म्हणजे सरकारने ती विकून टाकलेली. हवालदारकाकांनी नळीत बॅटरीचा उजेड पाडला. या रायफलीच्या नळीत आतून पीळ दिलेल्या सात खाचा असतात, त्यांच्यामुळे गोळी गिरकी घेत सरळ जाते. इथे त्या घासून नळी गुळगुळीत केलेली होती. म्हणजे सैनिकाची रायफल पुढे साधी बंदूक झाली होती.

वडिलांनी ट्रंकेतून जुने कागद काढले. त्यात इंग्रजी अमदानीतला परवाना निघाला, मुलाच्या पणजोबांच्या नावाचा. कारण लिहिलं होतं : शेताची राखण.

मी गप्प. आता आजींना कसं सांगायचं? नवरा जाऊन महिना झालेला, आणि मी त्यांच्या घरची गोष्टच काढून घेणार! आजींनीच विचारलं. मी चाचरत सांगितलं. त्या थोडा वेळ बंदुकीकडे बघत राहिल्या, मग अहिराणीत म्हणाल्या, "जे खरं शे, तेच सांगा गुरुजी." आणि मग सांगू लागल्या. लग्न होऊन त्या या घरी आल्या, तेव्हा सासरे रात्र रात्र माळ्यावर बसत. रानडुकरं ज्वारीत घुसली की आकाशाकडे एक बार. त्याच ज्वारीवर सहा लेकरं वाढली. ही गोष्ट पोराने कधी ऐकलीच नव्हती! खाज्या नाईकांच्या गोष्टीपुढे ती कुणाला सांगावीशी वाटली नव्हती.

आता ती जुनी गोष्ट खोटी ठरली का? नाही हं. त्यांच्या पूर्वजांनी नाईकांच्या माणसांना मदत केलीही असेल. पण या बंदुकीची साक्ष त्याला चालणार नाही, दुसरा पुरावा शोधायला हवा. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून जुने कागद जमवायचे ते याचसाठी. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' याचे बावीस खंड त्यांनी काढले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यात वारले, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे उभं राहिलं. धुळ्याला गेलात तर जरूर बघा.

आमच्या दोस्ताने प्रजासत्ताक दिनाला भाषण केलं. "आमची बंदूक खाज्या नाईकांची नाही," त्याने सुरुवात केली. दोनचार पोरं फिदीफिदी हसली. "ती माझ्या पणजोबांची. तिने आमची ज्वारी राखली." हसणं थांबलं. खाली उतरल्यावर एक मुलगी त्याला म्हणाली, "तुझं भिंग दे ना. आमच्याकडे राणीछाप रुपया आहे."

तर हा तुमचा गृहपाठ. घरातली एक जुनी वस्तू निवडा : नाणं, घड्याळ, शिवणयंत्र, वजनमाप. भिंगातून तिच्यावरची प्रत्येक खूण जशीच्या तशी वहीत उतरवा. खूण घासू नका, पॉलिश करू नका. खूण गेली की साक्षीदार गेला. राणीछाप रुपयावर 'क्वीन' आहे की 'एम्प्रेस'? 'एम्प्रेस' असेल तर तो १८७७ किंवा नंतरचा. आणि १८६२ चा रुपया असेल तर सावध! तोच आकडा ठेवून पुढेही बरीच वर्षं रुपये पाडले गेले. शेवटी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, "ही वस्तू काय काम करायची?" हे मात्र भिंगातून दिसत नाही.

आता अंगणात का उभे राहिलो ते. बंदूक कितीही जुनी, कितीही गंजलेली असो, ती भरलेलीच आहे असं समजायचं. मोठ्यांशिवाय हात लावायचा नाही, कुणाकडे रोखायची नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही. आणि पालकांनो, परवानाधारक वारला की त्याचा परवाना वारसांना आपोआप मिळत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे ते शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. मग वारसाने रीतसर अर्ज करायचा. आठवण म्हणून माळ्यावर दडवून ठेवू नका. आठवण वहीत लिहून ठेवा, ती कुणालाच जमा करावी लागत नाही.

तुमचे,
गुरुजी