रानडुकराच्या सागुतीला परवाना नको

रानडुक्कर मारायला परवानगी द्यायची आणि मारलेले जनावर खड्ड्यात पुरायचे, हा अन्नाचा अपमान आहे, असे एका विद्वान गृहस्थांनी नुकतेच मांडले. त्यांचा युक्तिवाद असा: शिकार ही आपली परंपरा. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराने ‘मानसोल्लासा’त मृगया आणि मांसाच्या पाककृती दोन्ही लिहिल्या. प्रगत देशांतले लोक शिकार करून खातातच. तेव्हा इथेही खाऊ द्या, विकू द्या. पीक वाचेल आणि शेतकऱ्याच्या गाठीला चार पैसेही येतील.

परंपरेचे उत्तर एका ओळीत देता येते: देशातले मूळचे शेवटचे ज्ञात चित्ते १९४७ साली एका संस्थानिकाच्याच बंदुकीने पडले.

प्रगत देशांचे दाखले अर्धेच दिले आहेत. अमेरिकेत शिकार करता येते, पण शिकारीचे मांस बाजारात विकायला जवळपास सर्वत्र मनाई आहे. बाजारासाठी चाललेल्या कत्तलीने तिथले प्रवासी कबुतर संपले, शेवटचे १९१४ साली पिंजऱ्यात मेले, आणि त्यातून तो देश शहाणा झाला. जर्मनीत रानडुकराचे मांस विकले जाते, पण कृमींची तपासणी झाल्यावर; शिवाय पिकाच्या नुकसानीची भरपाई बहुधा शिकारीचा हक्क घेणाऱ्यालाच करावी लागते. ही अट आमच्या गृहस्थांच्या लेखात कुठेच नाही.

आता मुख्य मुद्दा. मांसाला भाव आला की शेताच्या राखणीचे काम संपते आणि धंदा सुरू होतो. धंद्याला रात्रभर मचाणावर जागणारा बंदूकवाला परवडत नाही, त्याला फासकी परवडते. मोटारसायकलची जुनी क्लच वायर पाणंदीत बांधली की काम झाले. रत्नागिरी-सिंधुदुर्गात डुकरासाठी लावलेल्या अशा फासक्यांत बिबटे अडकतात, कमरेत वायर रुतून तडफडतात, मरतात. विदर्भात कुंपणात सोडलेल्या विजेने वाघ मेले आहेत. आज हे चोरून चालते. उद्या त्याला गिऱ्हाईक, दर आणि पावती मिळेल. आणि त्या पावतीखाली काय काय शिजेल? वाटपात भेकर आले की डुक्कर, हे मसाल्यात शिजलेल्या सागुतीवरून कोणता वनरक्षक सांगणार? त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. आज टोपात रानातले मांस सापडणे हाच गुन्हा आहे, म्हणून वनरक्षकाच्या हाती काहीतरी आहे. तेवढेही काढून घेतले की भेकर, ससा, पिसोरी सगळी डुकराच्या नावावर खपतील.

हाच वाद शेतीसंरक्षणाच्या बंदुकांवरून पूर्वीही झाला. पिकासाठी दिलेली बंदूक कापणीनंतरही रानात का फिरते, असे तेव्हा मी विचारले होते. उत्तर तेव्हा मिळाले नाही, अजूनही मिळालेले नाही.

अन्नाच्या नासाडीचा कळवळा मला खोटा वाटतो. जनावर पुरले जाते म्हणूनच ते मारण्यात कुणाचा फायदा नसतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने परवानगीने मारलेले जनावरही सरकारी मालमत्ता ठरवले, त्यात मोठे शहाणपण आहे.

शेतकऱ्याचे दुःख मात्र खरे आहे. लोंब्यांवर आलेले भात एका रात्रीत उखळले जाते, ते पाहून कुणाचाही संताप होईल. त्यासाठी परवानगी तातडीने मिळावी, नेम धरणारी प्रशिक्षित माणसे वनखात्याने द्यावीत, सामुदायिक कुंपणाला अनुदान असावे आणि पंचनाम्याची भरपाई बाजारभावाने त्याच हंगामात हाती पडावी. केरळने २०२२ साली गोळी घालण्याच्या आदेशाचा अधिकार स्थानिक संस्थांच्या प्रमुखांपर्यंत नेला, पण जनावर तिथेही पुरलेच जाते. निर्णय गावात आणि मांस खड्ड्यात, हीच व्यवस्था आपल्याकडेही हवी. पीक वाचवण्यासाठी गोळी घालणाऱ्याच्या बाजूने मी उभा राहीन. पण तीच गोळी घालून जो तराजू मांडील, त्याला शेतकरी म्हणणार नाही.