पाटीवरचा आकडा ही परवानगी नव्हे

उचगावातून रोज गाडी काढणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पाळीला जाणारी पोरं, गांधीनगरला दुकान उघडायला जाणारे, ऊस ओढणारे ट्रॅक्टरवाले, शाळेच्या रिक्षावाले मामा, सगळ्यांसाठी. आपल्या गल्लीतून निघून महामार्ग धरला आणि कागल मागे टाकून कोगनोळीच्या टोलनाक्यापर्यंत गेलो, की तेवढ्या अर्ध्या-पाऊण तासात वेगाचा नियम तीन-चार वेळा बदलतो. गल्लीत वेगळा, महामार्गावर वेगळा, काम चालू असलेल्या वळणरस्त्यावर वेगळा, आणि हद्द ओलांडली की दंडाचा दर वेगळा. बहुतेकांच्या डोक्यात मात्र एकच नियम असतो: पोलीस दिसला की हळू.

कायदा काय म्हणतो ते आधी नीट समजून घेऊ. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यातलं कलम ११२ वेगाचं. कमाल मर्यादा केंद्र सरकार ठरवतं, आणि ती देशभर एकच असते. राज्याला ती वाढवता येत नाही. सुरक्षेसाठी किंवा रस्त्याच्या प्रकारामुळे गरज वाटली तर कमी मात्र करता येते. कमी करायची तर राजपत्रात अधिसूचना काढायची आणि रस्त्यावर पाटी लावायची. बंदी महिनाभरापेक्षा जास्त टिकणार नसेल तर अधिसूचनेचीही गरज नाही, पाटी पुरे. सातारा-कागल रस्त्याच्या सहापदरीकरणात अशा तात्पुरत्या पाट्या जागोजागी दिसतात. ‘ठेकेदारानं लावलीय, तिला कोण विचारतो’ असं समजून पुढं जाऊ नका. लाल वर्तुळातला आकडा दिसला की तो आपल्यासाठी हुकूम आहे असंच धरून चाला.

केंद्रानं एप्रिल २०१८ मध्ये जी अधिसूचना काढली, तिच्यात चारपदरी दुभाजकाच्या रस्त्यावर मोटारीला १००, मोटारसायकलला आणि मालट्रकला ८०, रिक्षाला ५० अशी मर्यादा होती. इतर साध्या रस्त्यांवर मोटारीला ७०, दुचाकीला ६०, रिक्षाला ५०. म्हणजे एकाच महामार्गावर, एकाच जागी, शेजारून चाललेल्या मोटारीची आणि बुलेटची मर्यादा एक नाही. ‘तो गेला की माझ्या पुढं, मग मी का नाही’ याला कायद्यात जागाच नाही. पुढं २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं ही अधिसूचनाच रद्द ठरवली. वेग वाढवल्यानं मृत्यू वाढतात, हा तिथला मुद्दा होता. म्हणून सांगतो, कुठला तरी आकडा पाठ करून आयुष्यभर त्यावर चालू नका. रस्ता बदलला की पाटी शोधा. आंबोलीचा घाट उतरताना पाटी वेगळी, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला वेगळी आणि खंडाळ्याच्या घाटात बरीच खालची, समृद्धी महामार्गावर मोटारीला १२० आणि दुचाकीला तर प्रवेशच नाही.

आता हद्दीपलीकडचं. २०१९ च्या दुरुस्तीनं दंड वाढले. त्यातल्या बऱ्याच गुन्ह्यांत जागेवर तडजोडीनं किती रक्कम घ्यायची हे ठरवायचा अधिकार राज्याकडे आहे, म्हणून फरक पडतो. महाराष्ट्रानं नवे दर डिसेंबर २०२१ मध्ये लावले. आपल्याकडे वेग मोडलेल्या मोटारीला २,००० रुपये, निपाणीकडे गेलं की १,०००. गाडी एमएच ०९ असो नाहीतर केए २३, ज्या मातीवर गुन्हा झाला तिथला दर लागतो. ‘आपली पासिंग महाराष्ट्राची, कर्नाटकवाले काय करणार’ हा समज सोडा. कॅमेऱ्याला भाषा कळत नाही, नंबर कळतो. आणि दंड निम्मा आहे म्हणून तिथं बुंगाट सुटणाऱ्यांना एवढंच विचारतो, की पलीकडच्या डांबरावर डोकं कमी फुटतं का?

अमेरिकेत ज्यांची मुलं-सुना आहेत त्यांनी हा फरक आणखी ठळक ऐकला असेल. तिथं प्रत्येक राज्याचा कायदा निराळा. टेक्सासमध्ये एका टोल रस्त्यावर ताशी ८५ मैल, म्हणजे १३७ किलोमीटर चालतं. तोच ८५ चा आकडा व्हर्जिनियात ओलांडला, तर नुसता दंड भरून सुटका नाही. ते बेदरकार चालवणं म्हणून फौजदारी गुन्हा होतो आणि वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. शिवाय काही राज्यांच्या कायद्यात दांडगाईनं गाडी चालवणं हा नाव देऊन वेगळा गुन्हा केलेला आहे: मागच्या बाजूला चिकटून चालणं, आडवं घुसणं, धमकावण्यासाठी कट मारणं.

आपल्याकडे त्या नावाचं कलम नाही. पण कलम १८४ आहे, आणि माझ्या मते गाडी हातात घेणाऱ्या प्रत्येकानं निदान हे एक कलम समजून घेतलं पाहिजे. लोकांना वाटतं, मर्यादा ६० आहे आणि काटा ५५ वर आहे म्हणजे आपण सुटलो. तसं नाही. हे कलम आकडा बघत नाही, जागा बघतं. ती जागा कशी आहे, रस्त्याची अवस्था काय, तिथं कोण वावरतं, त्या वेळी किती वर्दळ आहे आणि किती असू शकते, हे सगळं धरून तुमचा वेग किंवा चालवण्याची तऱ्हा लोकांना धोक्याची असेल तर तो गुन्हा. पहिल्या खेपेला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांत पुन्हा केला तर दोन वर्षांपर्यंत. २०१९ पासून यात लाल सिग्नल तोडणं, हातात मोबाईल धरून चालवणं, चुकीचा ओव्हरटेक आणि वाहतुकीच्या उलट दिशेनं येणं हेही नाव घेऊन घातलेलं आहे. म्हणजे आपण ज्याला सहज ‘राँग साईडनं आलो’ म्हणतो, ते कैदेच्या कलमात बसतं.

हे आपल्या गावाला कसं लागू पडतं ते बघायला संध्याकाळी सहाच्या सुमाराला उचगाव पुलाखाली दहा मिनिटं उभे राहा. पाळी सुटलेली असते. सर्व्हिस रोडवर तावडे हॉटेलच्या बाजूनं येणारी वाहनं, गांधीनगरहून कापडाचे गठ्ठे लादलेले टेम्पो, हुपरीकडे जाणाऱ्या वडाप गाड्या. त्यातच ट्रिपल सीट पोरगं उलट बाजूनं येतं, कारण पुढच्या वळणाचा फेरा त्याला नको असतो. भाजीची पिशवी घेतलेली बाई एक पाय रस्त्यावर, एक कडेला ठेवून थांबलेली असते; हॉर्न देत येणारा तिला बघून वेग कमी करत नाही, उलट तिनं मागं सरावं म्हणून आणखी जोरात हॉर्न देतो. हंगामात यात दोन ट्रॉल्यांचा ऊस येतो. मागं रिफ्लेक्टर नाही, वर गाणी एवढी मोठी की मागच्याचा हॉर्न त्याच्या कानावर जायची सोय नाही. या गर्दीत ४० चा वेगसुद्धा कलम १८४ च्या तोंडाशी नेऊन ठेवतो. पाटी काय म्हणते हा प्रश्न तिथं दुसरा.

हिशेब साधा आहे. ताशी ६० म्हणजे सेकंदाला साधारण १७ मीटर. समोर कुणी आलं हे दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद जातो असं धरलं, तर ब्रेक लागायच्या आधीच गाडी २५ मीटर पुढं गेलेली असते, म्हणजे दोन एसटी गाड्या एकापुढं एक लावल्या एवढं अंतर. ब्रेकचं अंतर त्यापुढचं, आणि वेग दुप्पट झाला की ते चौपट होतं. पायी माणसाला ५० ऐवजी ६५ च्या वेगानं मोटारीची धडक बसली, तर मरणाचा धोका साडेचार पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि मिळतं काय? दहा किलोमीटर ६० नं गेलात तर दहा मिनिटं, ८० नं गेलात तर साडेसात. अडीच मिनिटं वाचली. ती तावडे हॉटेलच्या चौकात सिग्नलला परत जातात.

२०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले ७१ टक्के मृत्यू सरकारी नोंदीत अतिवेगाच्या खात्यावर आहेत, आणि मेलेल्यांत ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरचे. दुचाकीवरचे म्हणजे आपणच.

आईबापांशी थोडं वेगळं बोलायचं आहे. दहावीच्या पोराला क्लासला जायला गाडी देऊ नका. कलम १९९ अ नुसार अल्पवयीनानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते, आणि त्या पोराला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. त्याच्या हातून कुणी दगावलं तर विमा कंपनी भरपाई देऊन ती तुमच्याकडून वसूल करायला येऊ शकते. वडिलोपार्जित अर्धा एकर त्यात जाऊ शकतो. ‘पोरगं हुशार आहे, जपून चालवतं’ हे मी अनेक घरांत ऐकलं आहे. हुशारीचा प्रश्न नाही. समोरून येणाऱ्या ट्रकचा वेग किती आणि तो आपल्यापाशी कधी पोचेल, हा अंदाज सरावानंच येतो, आणि त्या वयात तो सराव झालेला नसतो. शिवाय तो रीलसाठी गाडी पळवणाऱ्या मित्रांच्या घोळक्यात असतो. रस्त्यावर शर्यत लावणं हा कलम १८९ खाली स्वतंत्र गुन्हा आहे.

ई-चलानाबद्दलही एक गोष्ट. व्हॉट्सॲपवर ‘तुमचं चलान आहे, ही फाईल उघडा’ असं आलं तर उघडू नका; ते खातं रिकामं करणारे चोर असतात. महाट्रॅफिक ॲपवर किंवा परिवहनच्या सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून स्वतः तपासा. चलान खरं असेल तर फोटो बघा. गाडी आपली नसेल, नंबर चुकीचा वाचला असेल, तर तिथंच तक्रार करता येते. पण फोटो खरा असेल तर लोकअदालतीत सूट मिळेल म्हणून वर्षानुवर्षं साठवत बसू नका. सवलतीची वाट बघताना सवय मात्र तशीच राहते.

गावानं मिळून करायचं कामही आहे, आणि ते आपण आजवर उलट्या तऱ्हेनं केलं. अपघात झाला की चार पोरं एकत्र येतात आणि रात्रीत मुरूम-सिमेंटचा गतिरोधक उभा करतात. रंग नाही, पाटी नाही, उंची मनाला येईल तेवढी. पहिला बळी त्यावरूनच उडून पडणारा दुचाकीवाला असतो, बहुतेक वेळा मागं बसलेली बाई. असा गतिरोधक काढायला लावायची वेळ आली तर लाजू नका. गतिरोधकाचीही मापं आणि खुणा ठरलेल्या आहेत, तो ज्याचा रस्ता त्यानंच करायचा असतो. महामार्ग आणि सर्व्हिस रोड राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, त्यांचा मदत क्रमांक १०३३. राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, गल्ल्या ग्रामपंचायतीकडे. हद्दवाढ झाली आणि उद्या महापालिकेत गेलो तरी अर्ज करायचा पत्ता बदलेल, गरज तीच राहील.

तेव्हा येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. शाळेसमोर आणि पुलाखालच्या तोंडाला ३० ची पाटी, रंगवलेला झेब्रा, दिवा आणि मापातला गतिरोधक एवढंच मागा, पण जागा नेमकी लिहा: कुठल्या दुकानासमोर, कुठल्या खांबाजवळ. फोटो जोडा. ठराव करून त्याची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात जिल्हा रस्ता सुरक्षा समितीच्या नावानं द्या, कारण वेग कमी करायची अधिसूचना आणि पाटी दोन्ही सरकारी यंत्रणेच्याच हातात आहेत. आपण स्वतः रंगवलेल्या फळीवर कुणाला दंड होत नाही. अर्जाची पोच घ्या, तिच्यावर आवक क्रमांक घालून मागा, आणि महिन्यानं तोच क्रमांक सांगून पुन्हा विचारायला जा. जाताना दोघी-तिघी बायकांना बरोबर घ्या. रस्ता ओलांडायला रोज त्याच थांबलेल्या असतात, कुठं थांबावं लागतं ते त्यांना चांगलं माहीत आहे.