आधी विचारा, कुठे अडकलास?

ताट वाढून ठेवलंय आणि मुलगा मोबाइल सोडत नाही. तुम्ही वैतागता, ते साहजिक आहे. पण फोन हिसकावण्याआधी पाच मिनिटं त्याच्या शेजारी बसा.

तो माइनक्राफ्ट खेळत असेल, तर कदाचित आपोआप उघडणारं दार बनवत असेल. त्या खेळात विजेच्या तारेसारखं काम करणारी रेडस्टोनची लाल भुकटी ओळीने टाकायची, कळ बसवायची, दार उघडतं का ते बघायचं. नाही उघडलं तर चूक कुठे झाली ते एकेक टप्पा मागे जाऊन शोधायचं. कधी एखादा मित्र स्वतःच्या घरी बसून त्याच खेळात येतो आणि चूक दाखवतो. घरातला दिवा लागेनासा झाला की तुम्हीही असंच शोधता ना? आधी बल्ब, मग बटण, मग फ्यूज.

या चिकाटीला कमी लेखू नका. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाने २००८ साली फोल्डिट नावाचा ऑनलाइन खेळ काढला. त्यात प्रथिनाच्या साखळीची नीट घडी बसवायची असते. माकडांना एड्ससारखा आजार देणाऱ्या विषाणूतल्या एका प्रथिनाची रचना शास्त्रज्ञांना दहाहून अधिक वर्षं उलगडत नव्हती. २०११ साली खेळाडूंनी तीन आठवड्यांत तिचं कोडं सोडवलं. एकाने घातलेली घडी दुसऱ्याने सुधारत नेली. त्यातल्या बहुतेकांनी प्रथिनांचा फारसा अभ्यास केलेला नव्हता.

म्हणून जेवताना मुलाला विचारा, "आज कुठे अडकलास? मग काय केलंस?" त्याला सांगू द्या. मध्येच उत्तर पुरवू नका. मग घरातलं एखादं कोडं त्याच्या हाती द्या. या महिन्यात विजेचं बिल का वाढलं? दोन्ही बिलं समोर ठेवा आणि त्यालाच शोधू द्या. चुकला तरी चालेल.

सगळेच खेळ असे नसतात. ज्यात नुसतं बोट दाबायचं आणि अडलं की पैसे भरायचे, त्यातून काही शिकायला मिळत नाही. तो खेळ काढून टाका. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ साली केला आहे. तेव्हा त्या वाटेला मोठ्यांनीही जाऊ नये.

खेळात अनोळखी माणसं भेटतात. घरचा पत्ता, शाळेचं नाव, ओटीपी कुणालाही द्यायचा नाही, हे मुलाला आजच सांगा. तरीही कुणी फसवून पैसे काढलेच, तर मुलाला रागावत बसू नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन लावा.